भावजयीच्या पाटावर

अक्षय तृतीयेला आमच्याकडे अखजी म्हणतात. त्या दुपारी घरातल्या मेलेल्या माणसांना जेवायला बोलावतात. मेलेला माणूस येऊ शकत नाही, म्हणून त्याच्या जागी गावातले एक जिवंत माणूस पाटावर बसते. पुरुषासाठी पुरुष, नवरा असताना गेलेल्या बाईसाठी सवाशीण. बसणारे माणूस घरातले नसावे, असा आमच्या घरचा नियम आहे. त्याचे पाय धुतात, पहिले ताट त्याला वाढतात. जेवताना त्याच्याशी मेलेल्या माणसाशी बोलावे तसे बोलतात. शेवटी घरातली मोठी बाई विचारते, पोट भरले का. ते ‘भरलं’ म्हणते, उठते आणि मागे न पाहता समोरच्या दाराने आपल्या घरी निघून जाते. त्यानंतर त्याला मागून हाक मारायची नाही. घरचे त्याच्यानंतर जेवतात.

बसणारा बाहेरचाच का, हे मी कधी विचारले नव्हते. गेल्या अखजीला ते कळले.

नाचणगावात आमचे घर वस्तीच्या कडेला आहे. घरात आई, धाकटा भाऊ आणि त्याची मुलगी. भाची अकरावीत, पुलगावच्या कॉलेजात. भाऊ कापूस आणि तूर पेरतो. मी नागपूरला एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर जिल्ह्याची पाने पाहते आणि सुटी मिळाली की गाडीने पुलगावला उतरते. भावजय कापूस वेचणीच्या दिवसांत गेली. ताप आला, उतरला, पुन्हा आला. तिला दवाखान्यातून परत आणले तेव्हा ओसरीत कापसाचा ढीग होता. लोकांना बसायला जागा हवी म्हणून तो कोणीतरी एका कोपऱ्यात लोटला.

तेरवी झाल्यावर मी नागपूरला परतले. पुन्हा गेले ते संक्रांतीच्या आसपास. दुपारी घरी पोचले तर दार उघडे होते आणि स्वयंपाकघरातून आवाज आला, “बोलला.”

भावजय तव्यावर ओली बोटे शिंपडायची. पाणी चुरचुरले की ‘बोलला’ म्हणायची आणि पहिली भाकर टाकायची. हा शब्द घरात दुसरे कोणी वापरत नसे. आवाजही तिचाच होता, जरा नाकातला, शेवटचे अक्षर खाली सोडून दिलेला. मी बॅग हातात धरून अंगणात उभी राहिले. पदराला हात पुसावेत तसे ओढणीला हात पुसत भाची बाहेर आली.

“काऊन उभ्या राह्यल्या आत्या उन्हात? या न आत.”

भावजय मला असेच आत घ्यायची. फक्त ‘ताई’च्या जागी ‘आत्या’ होते. भाची मला तोपर्यंत एकेरीच बोलायची.

जेवण झाल्यावर ती भिंतीला टेकून मोबाइलवर काहीतरी पाहत बसली. आई माझ्याकडे पाहून म्हणाली, “दिवसभर ते कार्टून पाहून राह्यते पोट्टी.”

“कार्टून नाई आजी. अ‍ॅनिमे हाये. जपानचं.”

“जपानचे लोकं हिंदी बोलतेत का?”

“डब केलं न वं.”

“मंग भांडे बी घासून घ्या म्हणा त्यायले.”

भाची हसली. ते हसणे तिचे स्वतःचे होते, खिंकाळल्यासारखे. त्यानंतर बरेच दिवस मी ते ऐकले नाही.

मी तिच्याशेजारी बसून दोन-तीन भाग पाहिले. एका तळ्याच्या तळाशी काहीतरी राहत असते. त्याला रूप नाही आणि मरणही नाही. तळे आटते तेव्हा ते वर येते आणि मिठागराच्या एका गावात माणसांमध्ये राहू लागते. त्याला काहीच ठाऊक नसते. भूक कशी लागते, कोणाची वाट का पाहायची, माणसे खोटे का बोलतात. गावातला एकेक जण त्याला एकेक गोष्ट शिकवतो आणि काळाने मरतो. ते मात्र मागे राहते. सुरुवातीला ते कोणी मेले तरी नुसते पाहत बसते, कारण काय झाले हेच त्याला समजत नाही.

एक भाग तिने मला मुद्दाम पुन्हा लावून दाखवला. एक म्हातारी रात्री मरते. तिचा नवरा आंधळा आहे. सकाळी तो रोजच्यासारखा पाणी मागतो. कोपऱ्यात बसलेले ते न मरणारे म्हातारीच्या आवाजात ओ देते आणि त्याला पाणी नेऊन देते. म्हातारा पाणी पितो. भाग तिथेच संपतो.

“आत्या, त्यानं बरोबर केलं का?”

“म्हाताऱ्याला कळलं असेल ना.”

“कळलंच हाये. पाह्य न, पेला हातात घ्याच्या आंधी तो थांबते.”

“मग?”

“मंग काय. तहान तं लागलीच होती न त्याले.”

तिने मोबाइल पालथा ठेवला. थोड्या वेळाने म्हणाली, “त्याले मरता येत नाई न आत्या, म्हणून सगळे आपलं आपलं त्याच्यापाशी ठेवून जातेत. तो नसता तं त्या बुढीचा आवाज गेलाच असता.”

सतरा वर्षांच्या मुलीची आई जाते, ती काहीतरी धरून बसते, इतकाच अर्थ मी तेव्हा लावला.

पुढच्या खेपेला पायाचा आवाज ऐकला. भावजय लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी मोटारसायकलवरून पडली होती आणि तेव्हापासून तिचा डावा पाय किंचित ओढला जायचा. एक पाऊल नीट, दुसऱ्याची चप्पल फरशीवर घासलेली. घरात कोण कुठे चालले आहे हे त्यावरून न पाहता कळायचे. मी मधल्या खोलीत आडवी झाले होते, आई शेजारी तुरीची डाळ निवडत होती. स्वयंपाकघरातून तोच आवाज मागच्या दाराकडे गेला आणि परत आला. आईने मान वर केली नाही. “पाणी आण वं,” ती म्हणाली. सुनेला सांगायची तो सूर होता. भाची पाणी घेऊन आली. आईने पेला घेतला, क्षणभर तसाच धरला आणि मग प्याली.

मी भाचीला बाहेर नेऊन विचारले, “पाय दुखतो का?”

“नाई.”

“मग ओढतेस का?”

तिने खाली आपल्या पायांकडे पाहिले. “कोणता?” तिने विचारले. ती मला बनवत नव्हती. तिला खरोखर माहीत नव्हते.

कॉलेजला जाणे तिने बंद केले होते. तिची एक मैत्रीण वह्या द्यायला आली आणि पाच मिनिटांत परत निघाली. फाटकापाशी मला म्हणाली, “आत्या, ते मले ‘जेवली का बाई, सुकली बापा’ म्हणते. आंधी शिव्या देत होती मले. त्याच बऱ्या होत्या.”

भाऊ ताट घेऊन ओसरीत जेवायला बसू लागला होता. मुलगी समोर आली की तो दुसरीकडे पाहायचा. मी विचारले तेव्हा त्याने ताट खाली ठेवले. मग म्हणाला, “ताई, परवा गोठ्यात होतो. घरातून आवाज आला. मी ओ देल्ली. इतक्या वर्साची सवय हाय. मंग आठवलं.”

“तू तिच्याशी बोल.”

“कोणाशी बोलू? एक तं गेली. पण माही पोट्टी कुठी हाय? मले दिसतच नाई ते.”

तिला नागपूरला नेऊन डॉक्टरांना दाखवावे, असे मी आईला सुचवले. आईला ते मान्य होते, पण अखजीनंतर. वर्षात गेलेले माणूस त्या दिवशी पितरांत मिळते अशी तिची समजूत. “एकदा मिळाली का सोडते ते पोरीले,” आई म्हणाली. मी नागपूरच्या डॉक्टरांची अखजीनंतरची वेळ घेतली.

अखजीच्या सकाळपासून ऊन होते. आईने पहाटेच शेवया, वडे, कढी आणि पुरणाच्या पोळ्या केल्या होत्या. आंब्याचा रस भाचीने काढला. वडिलांसाठी गावातले एक आजोबा दरवर्षी बसतात. ते आले, पाय धुवून घेतले आणि जेवायला लागले. रसाची तिसरी वाटी मागितली तेव्हा आई त्यांना वडील समजूनच म्हणाली, “जित्तेपणी एवढं खाल्लं असतं तं आणखी दहा वर्स जगले असते.” आजोबा म्हणाले, “जित्तेपणी तू एवढं वाढलं कोठी?” सगळे हसले. पोट भरले का, भरले. आजोबा उठून उन्हात निघून गेले. सगळे जसे व्हायला हवे तसे झाले.

भावजयीसाठी शेजारची काकू बसणार होती. आठ दिवस आधी ठरले होते. सकाळी उशिरा तिचा निरोप आला की दिराच्या सुनेला मुलगा झाला, सोयर लागले, आता बसता येत नाही. गावातल्या बाकी सवाशिणी कोणाच्या ना कोणाच्या घरी बसून आल्या होत्या किंवा बसल्या होत्या. एका दिवशी एक बाई दोन घरचे पितर होत नाही. भाऊ मोटारसायकल घेऊन पुलगावला कोणी मिळते का पाहायला गेला. आई दारात जाऊन सावली पाहून यायची. “ऊन उतरलं तं उपाशी जाईन ते,” असे दोनदा म्हणाली.

मी गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया आणायला गेले. खाली आले तर पाटावर कोणीतरी बसलेले होते. बसणाऱ्या बाईला द्यायला आणलेले नवे हिरवे लुगडे नेसून, डोक्यावरून पदर घेऊन, डावा पाय जरा बाजूला काढून. आई समोर तांब्या घेऊन उभी होती.

“आई, ती घरातली आहे. सवाशीणही नाही,” मी म्हणाले.

“दिसते मले,” आई म्हणाली. मग ती खाली बसली आणि तिने ते पाय धुतले.

मी पाहिले ते सांगते. भाचीने ताटाला नमस्कार केला. पहिला घास शेवयांचा घेतला. भावजय चार बोटे जुळवून, अंगठ्याने घास पुढे ढकलून जेवायची. भाची तशीच जेवत होती. खोलीत पंख्याचा आणि तिच्या चावण्याचा आवाज होता.

आई म्हणाली, “तुह्या हातच्या बारीक होत होत्या शेवया. माह्या जाड्या झाल्या.”

“चांगल्या झाल्या न आई. कढी द्या जराशीक.”

आईने कढी वाढली. तिने वाटी तोंडाला लावून संपवली आणि पुन्हा पुढे केली. आईने पुन्हा वाढली.

“तिकडं बरं हाय न तुले?”

तिने वड्याचा तुकडा मोडला.

“काई सांगाचं राह्यलं का वं?”

पदराखालून पाटावरचे माणूस म्हणाले, “पोट्टीकडे ध्यान ठेवजा आई. कोणाले काई सांगत नाई ते.”

आईच्या हातातली पळी थांबली. मी भाचीचा चेहरा पाहायचा प्रयत्न केला. पदर पुढे ओढलेला होता.

यानंतर आईने शेवटचा प्रश्न विचारायला हवा होता. ती विचारेना. ती वडा वाढायची, पोळी वाढायची, रस ओतायची. भाची नको म्हणत नव्हती. ताटात पडेल ते खात होती, आणि शेवटी शेवटी घास गिळताना तिची मान पुढे जात होती. पातेल्याच्या बुडाला पळी लागली तेव्हा आई थांबली. तिने पदराने तोंड पुसले आणि विचारले, “पोट भरलं का माय?”

“भरलं.”

भाची उठली. मागे न पाहता समोरच्या दाराने बाहेर गेली. एक पाऊल नीट, दुसरे ओढत. पायात चप्पल नव्हती.

आई पाटाजवळ बसून होती. मग तिच्या लक्षात आले. “बाई,” ती मला म्हणाली, “ते कुठी जाईन वं? बाकीचे आपआपल्या घरी जातेत. इचं घर तं हेच हाय.”

तिला हाक मारता येत नव्हती, मलाही नाही. मी भाचीच्या चपला घेऊन निघाले.

गल्लीत कोणी नव्हते. दारे लावलेली, कूलर सुरू. वैशाखातल्या दुपारी आमच्याकडे रस्ता असाच असतो. गल्लीच्या टोकाला, पुलगावकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्याजवळ, कडुनिंबाखाली पार आहे. ती त्यावर बसली होती. पाय वर घेतलेले. तळवे लाल झाले होते. मी चपला खाली ठेवल्या, तिने घातल्या नाहीत.

“घरी चल.”

“कोण म्हणून येऊ?” ती म्हणाली.

मी तिच्याजवळ पारावर बसले.

“ते तं जेवून निंगाली. आता परत आत गेली तं आजीचं सगळं चुकते. अन् मी तं तिथी नव्हतीच न आत्या.” ती डांबरी रस्त्याकडे पाहत होती. पुढे पुलगाव ओलांडले की नदी आहे. “तिकडं जावं लागन का मले?”

तिचा सूर घाबरलेला नव्हता. पत्ता विचारावा तसे ती विचारत होती. मी तिचे मनगट धरले आणि सोडले नाही.

त्याच रस्त्याने भाऊ आला. मागे पुलगावची एक बाई बसली होती, त्याच्या ओळखीच्या दुकानदाराची बायको. पारावर हिरवे लुगडे आणि पदर पाहून त्याने रस्त्याच्या मध्येच ब्रेक मारला. बाई त्याच्या पाठीवर आदळली. “अशी काय गाडी चालवता बापा,” ती म्हणाली. “मले उपाशी आणलं, अन् वरून पाडून राह्यले.”

भाऊ उतरला. त्याच्या तोंडावर काय होते ते मी लिहू शकत नाही. तो दोन पावले आला आणि म्हणाला, “तू इथी काऊन बसली वं?” हे त्याने बायकोला विचारले होते.

भाचीने मान वर केली. पदर मागे सरकला. भाऊ थांबला. मी त्याला थोडक्यात सांगितले, सवाशीण मिळेना म्हणून हीच बसली. तो ऐकत होता, पण माझ्याकडे पाहत नव्हता. कितीतरी महिन्यांनी तो मुलीच्या चेहऱ्याकडे पाहत होता. मग तो पारासमोर मातीत उकिडवा बसला.

“तुही माय आलती का?”

भाचीने त्याच्याकडे पाहिले.

“आलती,” ती म्हणाली.

“जेवली?”

“हो.”

“पोटभर?”

“बहुत जेवली.”

“मंग?”

“मंग निंगाली.”

“तू पाह्यलं?”

“पारापर्यंत होती,” भाची म्हणाली. “मंग माईत नाई.”

भाऊ मान हलवत राहिला. त्याने तिच्या चपला उचलल्या, झटकल्या आणि तिच्या पायांपाशी धरल्या. “मंग तू चाल,” तो म्हणाला. “तू जेवली नाई अजून.”

तेव्हा ती रडली. आई गेल्यापासून तिला रडताना घरातल्या कोणी पाहिले नव्हते. पुलगावच्या बाईला काय चालले आहे ते कळेना. ती गाडीपासून आली, पारावर बसली आणि तिने भाचीचे डोके आपल्या खांद्याला लावले. “उन्हानं होते असं,” ती मला म्हणाली.

परत येताना तळवे भाजल्यामुळे भाची दोन्ही पायांनी लंगडत होती. त्यात डाव्या पायाचे वेगळे काही आहे का, हे मी पूर्ण रस्ताभर पाहत होते. मला ठरवता आले नाही.

आई फाटकात उभी होती. तिने भाचीला समोरून आत घेतले नाही. “मांगून ये,” ती म्हणाली. भाची गोठ्याकडून फिरून मागच्या दाराने आली, मोरीत पाय धुतले, लुगडे सोडून आपला ड्रेस घातला. आईने तो पाट भिंतीला उभा केला आणि सगळ्यांची ताटे खाली सतरंजीवर मांडली. पुलगावच्या बाईलाही पाहुणी म्हणून बसवले. मला वाटले होते, भाची इतके खाल्ल्यावर एक घासही घेणार नाही. ती खाली मान घालून जेवू लागली. भरभर, भूक लागलेल्या मुलीसारखी. भाऊ आमच्याबरोबर बसला होता.

आईने तिच्या ताटाजवळ कढीची वाटी ठेवली. भाचीने ती वास घेऊन बाजूला सारली.

“मले नको. आजी, तुले माईत हाय न, मी कढी खात नाई.”

“मघाशी दोनदा मांगली न वं,” आई म्हणाली.

भाचीने आईकडे पाहिले. तिला तो प्रश्न समजला नसावा.

“मी नाई मांगली,” ती म्हणाली आणि पोळीचा तुकडा तोडला.

आईने वाटी परत घेतली. थोडी कढी सतरंजीवर सांडली. मी ती पुसली. भाची जेवत होती.